गाडीच्या विम्यात मालकाला काय मिळतं?

थर्ड पार्टी विमा भरलेला आहे. अपघातात मलाच लागलं तर पैसे मिळतील ना? (नाशिक)

नाही. मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्यासाठी असतो. गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असतं ते वैयक्तिक अपघात संरक्षण. पॉलिसी उघडून हप्त्याच्या तक्त्यात ‘पीए कव्हर फॉर ओनर ड्रायव्हर’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे १५ लाख रुपये हवेत. २०१८ पर्यंत ही रक्कम कारला दोन लाख आणि दुचाकीला फक्त एक लाख होती. घरातला कमावता माणूस गेल्यावर लाखभर रुपये किती दिवस पुरणार? मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर विमा नियामक ‘इर्डा’ने ती वाढवली. त्याच पानावर वारसाचं नाव लिहिलंय का, तेही बघून घ्या.

कार पत्नीच्या नावावर आहे, चालवतो मी. (सातारा)

मग हे संरक्षण तुम्हाला नाही. आरसी बुकावरचा मालक, पॉलिसीतला विमाधारक आणि वैध लायसन असलेला माणूस, हे तिन्ही एकच असावे लागतात. तो स्वतः चालवत असेल, गाडीत चढत-उतरत असेल किंवा सहचालक म्हणून बसला असेल, तेव्हाच हे लागू होतं. सवलतीसाठी किंवा हौसेने गाडी पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेणारी कुटुंबं खूप आहेत आणि रोज चालवणारा त्यात उघडा पडतो. तुम्ही स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. कृपया हे पुढच्या नूतनीकरणावर ढकलू नका.

माझ्या नावावर कार आणि स्कूटर आहे. दोन्हींवर हा हप्ता भरायचा का? (ठाणे)

गरज नाही, एक पुरे. जानेवारी २०१९ पासून हे संरक्षण स्वतंत्रही घेता येतं. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व (पूर्ण तसंच अंशतः) धरणारी किमान १५ लाखांची अपघात पॉलिसी आधीच असेल, तर तसं लेखी कळवून हा हप्ता वगळता येतो. पण काहीच नसताना, हप्ता कमी दिसावा म्हणून ऑनलाइन फॉर्मवर ‘माझ्याकडे आहे’ अशी खूण करू नका. खोट्या खुणेची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

हात फ्रॅक्चर झाला तर दवाखान्याचं बिल यातून मिळेल? (कोल्हापूर)

नाही, त्यासाठी मेडिक्लेम हवा. इथे मृत्यू झाला, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर पूर्ण रक्कम मिळते. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर निम्मी. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर काहीच मिळत नाही. उपचारांसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना मात्र लक्षात ठेवा: रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार.

जुनी कार घेतली, पॉलिसीची मुदत बाकी आहे. (पणजी)

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. आधीच्या मालकाचं अपघात संरक्षण येत नाही, तुमच्या नावाने नवं घ्यावं लागतं. आरसीवर नाव चढवायचा अर्ज करा, गाडी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीलाही कळवा आणि त्याच वेळी हे घेऊन टाका.