चर्प यूव्ही-५आर वाचतच नाही. दोष रेडिओत आहे की केबलमध्ये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नुकताच हाती आला, बाओफेंगचा यूव्ही-५आर हा हातातला रेडिओ घेतला, स्वस्तातली प्रोग्रॅमिंग केबल मागवली, विंडोजच्या लॅपटॉपवर चर्प, म्हणजे रेडिओत चॅनले भरण्याचे सॉफ्टवेअर, टाकले, आणि ‘डाउनलोड फ्रॉम रेडिओ’ म्हटले की दर वेळी ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ एवढाच संदेश येतो, तेव्हा रेडिओ परत करावा का?

इतक्यात करू नका. ही तक्रार घेऊन जे नवे हॅम माझ्याकडे येतात, त्यांच्या रेडिओत क्वचितच काही बिघडलेले असते. घोळ असतो तो केबलच्या दोन टोकांपैकी एका टोकाला. कोणत्या टोकाला, हे आधी ठरवले, तर चर्पमधली मॉडेलची नावे बदलून पाहण्यात संध्याकाळ वाया जात नाही.

सुरुवात लॅपटॉपच्या टोकापासून करा. रेडिओ बाजूला ठेवून नुसती केबल लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ हा भाग उघडा. तिथे कॉम ३, कॉम ५ असे काहीतरी दिसेल. केबल उपसल्यावर जी नोंद नाहीशी होते आणि लावल्यावर परत येते, ते तुमचे पोर्ट, आणि चर्पमध्ये तेच निवडायचे. केबल दुसऱ्या यूएसबी खोबणीत लावली की हा क्रमांक बदलू शकतो, त्यामुळे काल चालले ते आज का चालत नाही, या कोड्याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. नोंद अजिबात येत नसेल, तर हातातली केबल केवळ चार्जिंगची नाही ना, हे पाहून घ्या.

नोंदीवर पिवळा त्रिकोण असेल किंवा तिथे ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असे लिहून आले असेल, तर निदान झालेच म्हणून समजा. यूएसबीच्या प्लगमध्ये एक छोटी चिप असते, जी संगणकाची भाषा रेडिओच्या साध्या सिरियल संदेशांत बदलते. स्वस्त केबलींत प्रोलिफिक कंपनीच्या चिपची जुनी आवृत्ती किंवा सरळसरळ नक्कल असते, आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर ती ओळखून काम करण्यास नकार देतो. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ३.२.०.० हा जुना ड्रायव्हर टाकून, ‘अपडेट ड्रायव्हर’मधून यादी उघडून तो हाताने निवडणे. तो चालतो, पण विंडोज संधी मिळताच पुन्हा नवा ड्रायव्हर बसवते आणि तुम्ही पहिल्या पायरीवर येता. माझे मत विचाराल तर थोडे पैसे जास्त मोजून एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीची चिप असलेली केबल भरवशाच्या दुकानदाराकडून घ्यावी. नक्कल तिचीही होते. २०१४ साली तर त्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि लोकांची चालती उपकरणे एका रात्रीत मुकी झाली होती.

लिनक्स वापरत असाल, तर ड्रायव्हरचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे स्वतःचे खाते ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे लागते.

पोर्ट नीट दिसते आणि तरीही रेडिओ गप्प आहे, तर मग दुसऱ्या टोकाकडे वळा. दोन पिनांचा तो प्लग, एक ३.५ आणि दुसरी २.५ मिलिमीटरची, आत गेल्यासारखा वाटतो, पण बऱ्याचदा पूर्ण गेलेला नसतो. पिनांच्या मुळाशी असलेली प्लॅस्टिकची कड रेडिओच्या कवचाला अडते आणि मिलिमीटरभर फट राहते. तेवढ्या फटीने संपर्क तुटतो. रेडिओ बंद करून प्लग अंगठ्याने जोर देऊन दाबा, आणि तरीही फट दिसत असेल तर ती कड धारदार चाकूने थोडी तासा. त्यानंतर रेडिओ चालू करा, आवाज पूर्ण वाढवा, आणि ज्या चॅनलवर कोणी बोलत नाही अशा चॅनलवर ठेवा, कारण संदेश येत असताना वाचन मध्येच तुटते.

एकदा वाचन झाले की लगेच काही लिहू नका. आलेली प्रतिमा, म्हणजे रेडिओतल्या सगळ्या नोंदींची प्रत, तारखेसह वेगळी जतन करा. पुढे काही बिघडले तर तीच तुम्हाला मूळ स्थितीत आणेल. मित्राच्या रेडिओची प्रतिमा तुमच्या रेडिओत चढवू नका, बाहेरून दोन्ही सारखे दिसले तरी आतले फर्मवेअर, म्हणजे रेडिओ चालवणारे सॉफ्टवेअर, वेगळे असू शकते. त्याची आवृत्ती ३ चे बटण दाबून धरून रेडिओ चालू केल्यास पडद्यावर दिसते. मित्राची चॅनले हवी असतील, तर तेवढ्या ओळी त्याच्या फाइलमधून स्वतःच्या प्रतिमेत आणा.

यापुढची तक्रार ठरलेली असते: ‘लिहून झाले, पण रिपीटर उघडत नाही.’ रिपीटर म्हणजे एका वारंवारतेवर ऐकून दुसऱ्या वारंवारतेवर तेच पुढे पाठवणारे केंद्र. हा दोष चर्पच्या तक्त्यातल्या स्तंभांचा आहे. ऑफसेट, म्हणजे या दोन वारंवारतांमधला फरक, मेगाहर्ट्झमध्ये भरायचा असतो. ६०० किलोहर्ट्झसाठी ०.६०० लिहावे लागते, ६०० नव्हे, आणि पाठवण्याची वारंवारता खालची असेल तर ड्युप्लेक्सच्या स्तंभात उणे चिन्ह द्यावे लागते. टोनचे, म्हणजे रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत जाणाऱ्या बारीक सुराचे, दोन स्तंभ आहेत आणि दोन्हींत ८८.५ आधीच भरलेले दिसते, म्हणून टोन लागू आहे असा समज होतो. पण टोन मोड रिकामा असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मोड ‘टोन’ ठेवला तर तुमचा रेडिओ टोन पाठवतो, एवढेच. ‘टीएसक्यूएल’ ठेवला तर समोरूनही तोच टोन आल्याखेरीज स्पीकर उघडत नाही, आणि तो दुसऱ्या स्तंभातला आकडा वापरतो. नवख्याने ‘टोन’च ठेवावा.

हे सगळे एका चॅनलवर पडताळायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर भरून पाहा. तो ४३७.८०० वर ऐकू येतो आणि १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह ऐकतो. इथे ड्युप्लेक्स ‘स्प्लिट’ ठेवायचा आणि ऑफसेटच्या रकान्यात फरक न लिहिता १४५.९९० ही प्रक्षेपणाची वारंवारताच लिहायची. स्थानक वेगाने जवळ येते आणि दूर जाते, त्यामुळे ऐकण्याची वारंवारता साधारण दहा किलोहर्ट्झने वरखाली सरकते, म्हणून ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने पाच चॅनले भरून ठेवा, पाठवण्याची वारंवारता आणि टोन सगळीकडे तेच राहू द्या, आणि स्थानक उगवताना पहिल्या चॅनलवरून सुरुवात करून ते मावळेपर्यंत शेवटच्यापर्यंत उतरत जा.