नदीकाठच्या वाटेवर उन्हाळ्यात पक्षी कुठे जातात?

प्रश्न : राधानगरी परिसरात भोगावतीच्या काठाने झाडीतून जाणाऱ्या वाटेवर आम्ही हिवाळ्यात पक्षी पाहतो. मे महिन्यात त्याच वाटेवर नऊच्या सुमारास गेलो, तर जवळजवळ काहीच दिसले नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे जाण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्थ नक्कीच आहे; मात्र ऋतू बदलला की वेळ आणि नजर टाकण्याची जागा, दोन्ही बदलावी लागतात. हिवाळ्यात आपण पाहिलेल्या पक्ष्यांपैकी काही पाहुणे होते. करडा धोबी हे त्यांचे ठळक उदाहरण. तो पावसाळा सरताना येतो, ओल्या दगडांवर लांब शेपटी सतत खालीवर करत किडे टिपतो आणि उन्हाळा लागताना हिमालयाकडे परततो. पाठ राखाडी आणि शेपटीखालचा भाग पिवळाधमक, ही त्याची खूण. काळा-पांढरा थोरला धोबी मात्र इथलाच रहिवासी असल्यामुळे तो वर्षभर भेटतो.

जे पक्षी इथेच राहतात, ते उन्हाळ्यात उरलेले पाणी आणि पिकलेली फळे यांच्याभोवती एकवटतात. म्हणून मे महिन्यात संपूर्ण वाट पालथी घालण्यापेक्षा फळांनी लगडलेला एखादा उंबर किंवा वड शोधून सूर्योदयालाच त्यापासून थोडे दूर बसावे. आपला राज्यपक्षी हरियल पानांत इतका मिसळून जातो की फांदी हलेपर्यंत पत्ता लागत नाही. पण एक दिसला की त्याच झाडावर आणखी कितीतरी दिसू लागतात. नऊ वाजेपर्यंत ऊन तापलेले असते आणि पक्षी सावलीत गप्प बसलेले असतात. आपल्याला वाट सुनी वाटली, ती बहुधा याच कारणाने.

याच दिवसांत धनेशाची वीण चाललेली असते. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड विष्ठा वगैरेंनी लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. आतल्या मुक्कामात तिचे आणि पुढे पिलांचेही पोट नराने आणलेल्या फळांवर अवलंबून असते. माणूस ढोलीजवळ रेंगाळला, तर नर चोचीत घास घेऊन लांबच बसून राहतो आणि आतले जीव उपाशी राहतात. म्हणून नर एकाच खोडाकडे वारंवार येताना दिसला, तर छायाचित्राचा मोह आवरून तिथून निघून जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पावसाळ्यात काठावरच्या निसरड्या वाटा टाळाव्यात. अभयारण्यही त्या काळात पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे जाण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. डोंगरातल्या ओढ्यांवर तेव्हा शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ पाण्याच्या आवाजातूनही रस्त्यापर्यंत ऐकू येते. आपल्याला शहराजवळच पाहायचे असेल, तर पंचगंगेच्या खोऱ्यातल्या बाभळींवर सुगरणीची वसाहत शोधावी. नर गवताच्या आणि उसाच्या पानांच्या चिरफळ्या काढून अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते आणि तिने पसंत केले तरच तो पुढचे बोगदे पूर्ण करतो. पाण्यावर अर्धवट लोंबणारी घरटी दिसतात, त्यातली बरीचशी नापसंत झालेली असतात. दुर्बिणीतून सुरक्षित अंतरावरून हे सारे तासभर पाहता येते.

दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरेशी आहे. दाट झाडीत त्याहून अधिक शक्तीची दुर्बीण हाताच्या कंपाने उलट त्रास देते. वहीत पक्ष्याच्या नावासोबत झाडाचे नाव, पक्षी बसल्याची उंची आणि तो काय खात होता, हे लिहावे. दुसऱ्या वर्षी कुठे थांबायचे, ते त्यावरून ठरवता येईल. राधानगरी हे गव्यांचे जंगल आहे आणि पहाटे गवे पाण्यावर येतात, त्यामुळे स्थानिक वाटाड्या सोबत असावाच. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज मात्र वाजवू नये. वीण चालू असताना त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून नर खाणे आणि घरटे सोडून त्याच्यामागे धावतो.