शेडमध्ये सापडलेला जुना विंडसर्फिंग बोर्ड दुरुस्त करून पाण्यात नेता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय त्यावरून – नेदरलँड्समधल्या अल्मेरेच्या भाड्याच्या घराची शेड, साडेतीन मीटरहून लांब पांढरा बोर्ड, त्यावर 'टेन केट' ही अक्षरं, सोबत लाकडी बूम (शीड हाताने धरायचा आडवा दांडा) आणि गुंडाळून ठेवलेलं शीड, आणि घरमालक म्हणतात "हवा तर ठेवा" – बोर्ड नक्की ठेवा. मीही याच भागात राहतो आणि असाच एक जुना बोर्ड चालवतो.

असे बोर्ड इथल्या शेडींमध्ये इतके का सापडतात, ते आधी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांना 'विंडसर्फर'चं, म्हणजे शीड लावलेल्या या बोर्डाचं, अमेरिकन पेटंट १९७० साली मिळालं. ड्रेक विमानांच्या क्षेत्रातला इंजिनियर. बोर्डाला सुकाणू न लावता डोलकाठीच सगळ्या बाजूंना कलेल असा सांधा द्यायचा, ही यातली खरी करामत. नेदरलँड्समध्ये टेन केट या मूळच्या कापड कंपनीने परवाना घेऊन हे बोर्ड बनवले आणि युरोपभर लाट आली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये विंडसर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हाचं सुवर्णपदक होर्न या डच शहरात जन्मलेल्या स्टेफान फान डेन बेर्खने जिंकलं. पुढे बोर्ड आखूड आणि हलके झाले, आणि हे लांबुडके शेडमध्ये गेले.

आता मुद्द्याचं. दुरुस्तीचं सामान आणण्याआधी बोर्डाची कातडी कशाची आहे ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मूळ विंडसर्फरचं कवच पॉलिथिलीनचं असतं आणि आत पॉलियुरेथेन फोम. हाताला मेणचट लागतं, नख रुततं. नंतरचे बरेच बोर्ड एबीएस प्लास्टिकचे किंवा फायबरग्लासचे आले. शंका असेल तर डॅगरबोर्डच्या (बोर्डाच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) फटीच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी, ॲसिटोनचा एकच थेंब लावून पाहा. एबीएस चिकट होतं, पॉलिथिलीनला ढिम्म फरक पडत नाही.

फायबरग्लास निघाला तर इपॉक्सी आणि काचेचं कापड, सोपं काम आहे. पॉलिथिलीन निघालं तर मात्र हे पक्कं लक्षात ठेवा, त्याला काहीही चिकटत नाही. इपॉक्सी, पॉलिएस्टर, महागडा गोंद, सगळं एका उन्हाळ्यात सोलून निघतं. चीर पडली असेल तर ती वितळवूनच सांधावी लागते. वरचा जुना थर पात्याने खरवडायचा, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी घ्यायची आणि हॉट एअर गनने दोन्ही एकदम मऊ करून दाबत जायचं. आधी लपलेल्या कोपऱ्यात करून पाहा. हे काम उघड्यावरच करा. आतला फोम तापला की निघणारा धूर विषारी असतो.

रंग देऊ नका. तोही टिकत नाही, आणि ओरखड्यांनी बोर्डाच्या वेगात तुम्हाला जाणवेल एवढा फरक पडत नाही. इंटरनेटवर चकचकीत केलेले बोर्ड दिसतात, त्यातले निम्मे भिंतीवर टांगायला असतात. साबण, पाणी आणि ब्रशने शेवाळ काढा. वरचा खरखरीतपणा गेला असेल तर सर्फिंगचं मेण घासा, पाय घसरत नाहीत.

वजन करायला विसरू नका. बाथरूमच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे, मग बोर्ड उचलून. कोरडा बोर्ड वीस किलोच्या आसपास असावा. पंचवीसच्या बराच पुढे गेला, तर फोम पाणी प्यायला आहे. मग जिथून पाणी शिरलं ती चीर तशीच उघडी ठेवून, ती खाली येईल असा बोर्ड कोरड्या जागेत उभा करा आणि हिवाळाभर विसरून जा. सगळं पाणी निघणार नाही, पण शिकायला थोडा जड बोर्ड चालतो. उलट डुगडुगतो कमी.

पैसे खर्च करायचेच असतील तर सांध्यावर करा. डोलकाठी आणि बोर्ड यांच्यामधला युनिव्हर्सल जॉइंट रबराचा किंवा लवचिक प्लास्टिकचा असतो. वरून ठीकठाक दिसतो, वाकवला की बारीक भेगा उघडतात, आणि तुटतो तो अचानक, किनाऱ्यापासून लांब. चाळीस वर्षांपूर्वीचा असेल तर भेगा दिसोत न दिसोत, बदला. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मास्टफूट (डोलकाठीचा बोर्डाच्या भोकात बसणारा पाया) वेगळा होता. तुमच्या शेडमध्ये तो नसेल तर आधी मार्क्टप्लाट्सवर (जुन्या वस्तूंच्या डच वेबसाइटवर) त्याच मॉडेलचा शोधा. मोडका बोर्ड आणि चांगला मास्टफूट असा अख्खा सेट कधी कधी किरकोळ किमतीत मिळून जातो. मास्टफूट भोकात सैल बसत असेल तर टेपचे वेढे पुरतात. बोर्ड आणि शीड यांना जोडणारी एक वेगळी सुरक्षा-दोरी मात्र हवीच. मास्टफूट निसटला की शीड पाण्यात जागच्या जागी लोळत राहतं आणि मोकळा बोर्ड वाऱ्याबरोबर इतका झपाट्याने सुटतो की पोहून गाठता येत नाही.

दोऱ्या सगळ्या नव्या घ्या. सागवानी बूम असेल तर जपा, तेल पाजा. डोलकाठीला तो दोरीने बांधायचा असतो आणि ती गाठ करकचून बसली नाही तर सगळं शीड हातात लोंबकळतं. शीड डेक्रॉनचं (पॉलिएस्टर कापडाचं) असेल. शिवण अंगठ्यांनी ताणून पाहा. उन्हात कुजलेला धागा टरकन सुटतो. कापड शाबूत असेल तर शिवून घेता येतं.

पाण्यावर पहिले काही दिवस दोन-तीन ब्यूफोर्टचा (वाऱ्याच्या जोराचं माप), म्हणजे हलका वारा बघूनच जा. एवढ्या वाऱ्यात आजचे आखूड बोर्ड किनाऱ्यावर पडून असतात आणि हा म्हातारा निवांत निघतो, त्याची खरी मजा तीच. वळवायचं शिडाने: डोलकाठी पुढे झुकवली की नाक वाऱ्यापासून लांब जातं, मागे ओढली की वाऱ्याकडे येतं. शीड पाण्यातून उचलताना कंबरेने ओढू नका. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, अंगाचं वजन मागे, आणि शिडावरचं पाणी ओघळून जाईपर्यंत दम धरा. वाऱ्याविरुद्ध चढताना डॅगरबोर्ड पूर्ण खाली हवा. वारा आडवा घेऊन वेग आला की तोच डॅगरबोर्ड बोर्डाला एका कडेवर उभा करू पाहतो. मग तो वर घ्यायचा. अगदी जुन्या मॉडेलमध्ये तो चक्क उपसून पट्ट्याने दंडाला अडकवतात. दिसायला विनोदी आहे, पण चालतं.

वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल त्या दिवशी घरी बसा. कोकणात याला मतलई म्हणतात, आणि होड्या पहाटे त्याच्यावरच बाहेर पडतात. पण त्यांना परत आणायला दुपारी खारा वारा असतो, इथे तो भरवसा नाही. काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, म्हणूनच नवखा फसतो. दमलात तर बोर्ड सोडून पोहत निघू नका. शीड गुंडाळून बोर्डावर घ्या आणि पोटावर झोपून हाताने वल्हवा. वसंतात ऊन कितीही छान असलं तरी पाणी गार असतं, वेटसूट हवाच. बोर्डावर फोन नंबर लिहून ठेवा. रिकामा बोर्ड तरंगताना दिसला की बचाव पथक माणूस शोधत फिरतं, आणि तुम्ही घरी चहा पीत असता.

मौडरबर्गचा किनारा तुम्हाला जवळ पडेल. पाणी उथळ आहे, पडलात तरी बऱ्याच ठिकाणी पाय टेकतात. उन्हाळ्यात मात्र पाणवनस्पती माजतात आणि फिन (बोर्डाखालचं मागचं पातं) व डॅगरबोर्ड दोन्हींत गुंततात. मागे झुकलेली फिन लावली तर त्या बऱ्याचशा घसरून जातात. मास्टफूट बसतो त्या भोकाचा फोटो टाकलात तर कोणता भाग लागेल ते सांगता येईल.