बाबांची आरएक्स, 95 हजारांचं एस्टिमेट आणि मित्राचे अडीच लाख

सर, तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय मॅटर आहे. वय 36, परभणीत घर, जिंतूरला शाळेवर नोकरी, हातात 42 हजार, होमलोनचा हप्ता साडेअकरा हजार, भिशी 5 हजार, घरी बायको, दोन लेकरं आणि आई. बँकेत 2 लाख 10 हजारांची एफडी, बाकी शिल्लक म्हणावी असं काही नाही. गावाकडं गोठ्यात बाबांची 1993 ची यामाहा आरएक्स 100, बाबा 2021 ला गेले तेव्हापासून कडब्यामागं उभी. संभाजीनगरचा एक पोरगा आहे तशी 60 हजाराला घ्यायला तयार आहे, मेकॅनिक म्हणतो 95 हजारांत नवी करून देतो, आणि मित्र म्हणायलाय की करून टाक, पाच वर्षांत अडीच लाखाला जाईल, ही इन्व्हेस्टमेंट आहे. त्यासाठी 14 टक्क्यानं 1 लाख 20 हजारांचं पर्सनल लोन काढायचं तुमच्या मनात आहे.

माझं म्हणणं असं की गाडी करा, पण 95 ची नाही 50 ची करा, लोन अजिबात नको, आणि ते इन्व्हेस्टमेंट वगैरे डोक्यातून काढा.

मित्राचा हिशेब खरा धरून बघू, म्हणजे वादच नको. आज विकली तर 60 हजार मिळतात, ते तुम्ही सोडताय, म्हणजे ते तुमचे लागलेच. त्यावर मेकॅनिकचे 95. जुन्या गाडीचं एस्टिमेट वीस टक्क्यांनी तरी वर जातंच, धरा 19 हजार. कागदपत्रांचे 13 हजार, ते कसे ते खाली सांगतो. झाले 1 लाख 87 हजार. एवढेच पैसे 7 टक्क्याच्या एफडीत पाच वर्षं पडले तर 2 लाख 62 हजार होतात. म्हणजे मित्र शंभर टक्के खरा निघाला तरी तुम्ही एफडीच्या 12 हजार मागंच, आणि मधल्या पाच वर्षांचं ऑइल, टायर, केबल, गॅरेजच्या चकरा यातलं काहीच मी धरलेलं नाही. लोन काढलं तर तीन वर्षं महिन्याला 4,100 चा हप्ता आणि 27 हजारांच्या वर नुसतं व्याज. असली इन्व्हेस्टमेंट मी दुश्मनालाही सांगणार नाही.

भाव वाढलेत हे खरंय, नाही कोण म्हणतं. एस्कॉर्ट्सनं 1985 ला आणलेली ही गाडी 1996 ला बंद झाली, प्रदूषणाचे नियम आले आणि असल्या टू-स्ट्रोक इंजिनांचं दुकान हळूहळू उठलं, त्यामुळं जेवढ्या आहेत तेवढ्याच, त्यातल्याही रोज कमी व्हायल्यात. पण गिऱ्हाईक कधी येईल याचा भरवसा नाही, आणि तुम्हाला पैसे दवाखान्यासाठी लागले तर ते त्याच आठवड्यात लागतात. दुसरं म्हणजे इन्शुरन्स. एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या थर्ड पार्टीच देतात, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच भरतात, 75 ते 150 सीसीचा प्रीमियम 714 आणि वर जीएसटी, म्हणजे साधारण 843. उद्या चोरीला गेली तर हातात एक रुपया नाही, आणि आरएक्स चोरीला जाते हे आपल्याकडं कोणालाही विचारा. टॅक्सची बाजू तेवढी बरी आहे. स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळं कधी विकली तर कॅपिटल गेनचं झंझट नाही, अर्थात तोटा झाला तर तोही कशात वजा होत नाही.

मग करा का म्हणतो? कारण तुम्ही पत्रात दोन ओळी लिहिल्यात, बहिणीला टाकीवर बसवून बाबा शाळेत सोडायचे आणि तिच्या फ्रॉकला ऑइलचा वास यायचा. त्या दोन ओळींचा भाव मला काढता येत नाही आणि काढायचाही नाही. माणूस हौसेवर खर्च करतो, लग्नात करतो, गावच्या जत्रेत करतो, इथं केला तर काय बिघडलं, फक्त तो खर्च आहे असं म्हणून करा म्हणजे लोन काढायची बुद्धी होत नाही.

बहिणीचं निघालंच आहे तर कागदपत्रांचं बोलू, कारण सुरुवात तिथूनच करायचीय. आरसी अजून बाबांच्या नावावर आहे आणि तिची मुदत डिसेंबर 2023 ला संपलीय. वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म 31 लागतो आणि त्यासोबत बाकी वारसांची, म्हणजे आईची आणि बहिणीची, संमती. उगं गृहीत धरू नका, बहिणीला स्वतः फोन करा, गाडीत तिचाही हिस्सा आहे. मग फॉर्म 25 वर रिन्यूअल, ते पाच वर्षांसाठी होतं. 20 वर्षांच्या वरच्या मोटरसायकलला ऑगस्ट 2025 पासून त्याची फी 2,000 झाली. पर्यावरण कर 2,000, नावावर करायचे 150, ती नवी एचएसआरपी नंबर प्लेट 531, इन्शुरन्सचे वर सांगितलेले 843, झाले साडेपाच हजार. आणि खरी मेख पुढं आहे, रिन्यूअलला उशीर झाला की मोटरसायकलला महिन्याला 300 रुपये जादा लागतात, दोन वर्षंच धरली तरी 7,200. असे ते 13 हजार. गाडी गोठ्यात उभी होती, रस्त्यावर नव्हती, हे तिथं कोणी ऐकून घेत नाही, त्यामुळं जितकं लांबवाल तितकं मीटर चालू. एजंट कोणी म्हणाला की व्हिंटेजमध्ये घालू तर हसून सोडून द्या, त्याला गाडी 50 वर्षांची लागते, तुमची 2043 ला होईल, आणि फी 20 हजार आहे.

पासिंगला चेसिस, म्हणजे सांगाड्यावरचा, नंबर बघतात, पेन्सिलनं घासून कागदावर प्रिंट घेतात. आरएक्स 100 चा इंजिन आणि चेसिस नंबर 1एल1 नं सुरू होतो, आरसीशी एकेक आकडा जुळवून बघा, आणि पासिंग होईपर्यंत चेसिसला रंग, पॉलिश, सँडब्लास्टिंग काही म्हणजे काही करू देऊ नका. नंबर पुसट झाला तर जे शुक्लकाष्ठ मागं लागतं ते 13 हजारांत निस्तरत नाही.

आता एस्टिमेट. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं झालं. इंजिन 32 हजार, रंग आणि क्रोम 30, बॉडी पार्ट 15, टायर-ब्रेक-वायरिंग 18. यातलं इंजिन आणि टायर-ब्रेक-वायरिंग एवढंच करा, 50 हजार, वर 10 हजार हाताशी ठेवा. बाकी 45 हजारांचं चमकवणं आत्ता नको. बाबांच्या काळचा रंग आहे, उडालेला असला तरी तोच ठेवा, आणि खरं सांगायचं तर जाणकार गिऱ्हाईकसुद्धा ओरिजिनल रंगालाच जास्त विचारतं.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगायलोय. नांदेडला माझी आरएक्स 135 होती, मेकॅनिकनं आधी रंगाचे 18 हजार घेतले, गाडी अशी चमकली की पूछो मत, इंजिनला म्हणाला हात लावायची गरज नाही. सहाव्या महिन्यात पूर्णा रोडला ऐन उन्हात इंजिन पकडलं, मागचं चाक लॉक, मी कसाबसा क्लच दाबून वाचलो. खोललं तर पिस्टनवर उभे काळे ओरखडे, आणि कारण काय तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. हाताएवढंही नाही, रबराची रिंग. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून जाते, ते सील वाळलं की तिथून फुकटची हवा आत घुसते, मिक्श्चर पातळ होतं, इंजिन तापतं आणि पकडतं. दुसऱ्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर उलटं, गिअर ऑइल ओढलं जाऊन मागून पांढरा धूर. तुमची गाडी चार वर्षं उभी आहे, ती दोन्ही सीलं वाळलेली असणार असं धरूनच चाला.

हेड काढताना तुम्ही तिथं हजर पाहिजे. पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो, 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00, म्हणजे आतापर्यंत बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, कितपत वाढवलंय ते. आकडाच नसला तर स्टँडर्ड आहे, मजा आहे. 0.25 किंवा 0.50 असला तरी अजून जागा आहे, 32 हजारांत बसेल. 1.00 असला तर बोअर संपलं, नवा स्लीव्ह किंवा सिलिंडर आला आणि एस्टिमेट तिथंच बदलतं. म्हणून मेकॅनिकला सगळे पैसे एकदम देऊ नका, खोलायचे आधी द्या, आकडा बघा, क्रँकचा कनेक्टिंग रॉड हातानं वर-खाली हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघा, मग पुढचं ठरवा. पार्ट स्वतः आणा, बिलासकट. यामाहाच्या पाकिटात लोकल माल भरून विकणारे गल्लोगल्ली आहेत, दिल्लीच्या करोल बागेपर्यंत हेच.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम नकार, रोज जिंतूरला या गाडीवर जायचं. जाऊन-येऊन 85 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस, म्हणजे दोन हजारांच्या वर. तुमची स्प्लेंडर लिटरला 60 देते, ही 40 दिली तर नशीब. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आपण, पेट्रोलच्या भावात तर राज्यात आपण वरच्या नंबरात, मनमाडहून टँकर येतो ना. 106 चा भाव धरला तर पेट्रोलचेच 1,800 जादा, वर महिन्याला पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल दोन लिटर, 800 चं, वर्षाला 31 हजार झाले. आणि पुढचा ड्रम ब्रेक, त्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आल्यावर काय होतं ते मी सांगायची गरज नाही. रविवारी गावाकडं चक्कर, सणाला देवदर्शन, महिन्याला दोनशे किलोमीटर, 600 रुपयांत हौस भागते. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते पाणी ओढतं, जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचा पाइप आणि कॉकचे वायसर नवे टाका, आणि आठ-पंधरा दिवस उभी ठेवायची असली तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेवा.

पैसे कुठून? एफडीला हात नाही, ती तुमच्या पाच पगारांएवढी आहे आणि तेवढीच एक भिंत आहे घराला. भिशी 12 जणांची, 5 हजारांची, तुमचा नंबर अक्षय तृतीयेच्या महिन्यात, ते 60 हजार म्हणजे बरोब्बर इंजिन, ब्रेक आणि हाताशी ठेवायचे 10. फक्त लक्षात असू द्या की पुढचे हप्ते भरायचेच आहेत, भिशी मधेच उचलणं म्हणजे बिनव्याजी का होईना उसनवारीच. कागदपत्रांचे 13 हजार तोपर्यंत पगारातून दोन-तीन महिन्यांत निघतील.

पण त्याच्याही आधी एक काम. तुमच्या पत्रात गाडीबद्दल दोन पानं आहेत आणि टर्म इन्शुरन्सबद्दल, म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याबद्दल, एक शब्द नाही. चार माणसं तुमच्या पगारावर आहेत. 1 कोटीचा टर्म तुमच्या वयाला महिन्याला बाराशे-पंधराशेच्या घरात बसेल, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. स्प्लेंडरच्या पॉलिसीत 15 लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर आहे का तेही बघा, असलं तर आरएक्सला वेगळं घ्यायची गरज नाही. टर्मची पॉलिसी हातात आल्याशिवाय मेकॅनिकला फोन करू नका, ही माझी अट समजा.

त्या संभाजीनगरच्या पोराला नाही म्हणून कळवून टाका, बिचारा ताटकळत असेल. आणि या रविवारी गावाकडं गेलात की किक मारायचा मोह आवरा, आधी टाकी काढा आणि पांढऱ्या कपड्यावर उलटी करून हलवा. चहापत्तीसारखा गंज पडला की नुसतंच घाण पेट्रोल निघालं ते मला कळवा, त्यावर 10 हजार हाताशी पुरतील का 15 लागतील ते सांगतो.