जांभळाची वाइन गाळावरून काढल्यावर बरणीत वर जागा राहते, काचेच्या गोट्या टाकून भरावी का?

टाका, चालतं. पण त्याआधी घरात लहान बरणी आहे का बघा. आणि पाणी घालून बरणी भर म्हणणारा कुणी भेटला तर त्याचं अजिबात ऐकू नका. याच पाण्यावरून माझं आणि दादाचं आजवर जमलेलं नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या अंगाला. मृगाच्या तोंडावर दारात जांभळांचा सडा पडतो. एका वर्षी पाच लिटरच्या काचेच्या बरणीत रस लावला. फसफस थांबली, गाळ बसला, नळीनं वरचं नितळ काढलं तर चारच लिटर भरलं. वर लिटरभर हवा, म्हणजे त्यात दोनशे मिली तरी प्राणवायू, आणि वाइनचं व्हिनेगर करणाऱ्या जंतूंना तोच लागतो. मी बेळगावात कामाला, शनिवारीच घरी यायचो. मधल्या दिवसांत दादानं बरणी रिकामी दिसते म्हणून लिटरभर पाणी उकळून, गार करून ओतलं. "हवा गेली की नाही?" हवा गेली, पण दारू १० टक्के होती धरली तर ती ८ वर आली आणि आंबटपणाही पातळ झाला. अशा फिकट वाइनला व्हिनेगर करणारे जंतू लवकर धरतात. त्यात हा चव बघायला रोज झाकण उघडायचा. दिवाळीला बूच काढलं तर नाकाला झिणझिण्या आल्या.

पुढच्या वर्षी गोट्या आणल्या. १६ मिलीमीटरची गोटी जेमतेम दोन मिली जागा घेते, म्हणजे लिटरभर जागेला पावणेपाचशे लागतात. मी मोजून टाकल्या. दादा पोरखेळ म्हणाला, पण वाइन टिकली. तरी तुम्हाला सांगेन, जागा पाव लिटरच्या आत असेल तरच गोट्या. नाहीतर चार लिटर सरळ दोन-दोनच्या बाटल्यांत भरा, वर दोन बोटं जागा सोडा, एअरलॉक लावा, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारं पण बाहेरची हवा आत न घेणारं बूच. आधीची तसलीच वाइन शिल्लक असेल तर तिनं भरणं सगळ्यात चांगलं.

गोट्या साध्या काचेच्याच हव्यात, वरून रंग दिलेल्या नकोत. संगमरवरी तर नकोच, आंबटात तो विरघळतो. उकळून पूर्ण गार करा आणि बरणी तिरकी धरून एकेक घसरू द्या, वरून टाकल्या तर तळ तडकतो. रस फसफसत असताना मात्र जागा मुळीच कमी करू नका, फेसाला ती लागते. तेव्हा घट्ट बूच मारलं तर बाटली फुटते.

हे आधीच सांगायला हवं होतं: कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, मद्य करायला परवाना लागतो. आम्ही तेव्हा विचारलं नाही ही चूकच. तुम्ही आधी अबकारी कचेरीत विचारा.

दादा अजून म्हणतो, बरणीच खराब होती. त्याच बरणीत आई दरवर्षी कैरीचं लोणचं घालते. एकदाही बिघडलेलं नाही.