माद्यांच्या अॅड्रिनलमधला तो जास्तीचा पट्टा लीजन नाहीये

तुम्ही विचारलंय की माऊसच्या कंट्रोल (औषध न दिलेल्या) माद्यांत अॅड्रिनलच्या, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या, मेडुलाला (आतल्या गाभ्याला) लागूनच गडद पेशींचा एक पट्टा दिसतो, नरांत मुळीच नाही, तर तो लीजन (इजा किंवा विकृती) म्हणून रिपोर्टमध्ये टाकायचा का. अजिबात नको. हा एक्स-झोन, एव्हलिन हॉवर्ड-मिलर यांनी १९२७ मध्येच त्याचं वर्णन केलंय, आणि तो असणं-नसणं सगळं हार्मोन्सवर चालतं.

नर वयात आला, टेस्टोस्टेरॉन वाढलं की साधारण पाच आठवड्यांच्या सुमारास हा थर विरघळल्यासारखा जातो, लहानपणीच खच्ची केलेल्या नरात मात्र टिकतो, मोठेपणी केलं तर पुन्हा तयारही होतो, आणि मादीला टेस्टोस्टेरॉन टोचलं तर तिचाही जातो. माद्यांत पहिल्या गाभणपणातच त्याचा निकाल लागतो. व्हर्जिन माद्यांत तो बरेच दिवस राहतो आणि हळूहळू झिजतो, काही स्ट्रेनमध्ये (माऊसच्या वाणांत) झिजताना पेशींत फॅटचे फुगे भरतात, आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो, ट्रीटेड ग्रुपमध्ये ते फुगे दिसले की लगेच टॉक्सिसिटी लिहून मोकळा.

म्हणून आधी वय, स्ट्रेन आणि माद्या ब्रीडिंगमधून आल्यात का ते अॅनिमल हाऊसच्या रजिस्टरमध्ये बघा. सगळ्या एकाच वयाच्या व्हर्जिन असून फक्त हाय डोसलाच पट्टा गायब असेल तर मात्र ते खरं फाइंडिंग, कंपाऊंड अँड्रोजनसारखं (टेस्टोस्टेरॉनच्या गटातल्या हार्मोनसारखं) वागतंय का हे तपासायला लागेल.

सेक्शनचंही (कापलेल्या पातळ चकतीचंही) बघा हं. ग्रंथी इवलीशी, ब्लेड कडेने गेलं की मेडुला येतच नाही आणि एक्स-झोन "नाही" वाटतो. मेडुला न दिसणारी स्लाइड मी सरळ बाजूला ठेवतो, ब्लॉक परत कापायला देतो. ग्रंथीभोवतीची चरबी फिक्सेशननंतर (ऊतक रसायनात पक्कं झाल्यावर) स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काढा, ताज्या ग्रंथीला चिमट्याने धरलं की कॉर्टेक्स (बाहेरचा भाग) चेपतो.

रॅटवरचे पेपर इथे लावू नका, त्यांच्यात एक्स-झोन नसतोच. तिथे पिट्युटरी काढली की एसीटीएच (तिचं अॅड्रिनलला चालवणारं हार्मोन) थांबतं, कॉर्टेक्सचे आतले थर फॅसिक्युलाटा आणि रेटिक्युलारिस आक्रसतात, बाहेरचा थर ग्लोमेरुलोसा बऱ्यापैकी तग धरतो कारण त्याचा मुख्य मालक अँजिओटेन्सिन हे हार्मोन आणि पोटॅशियम. डेक्सामेथासोन (एसीटीएच दाबणारं स्टेरॉइड) दिलं तरी चित्र साधारण तसंच.

वजनं घेतली असतील तर नर-मादी एकत्र अॅव्हरेज करू नका, माऊस काय रॅट काय, मादीची ग्रंथी जडच भरते.