‘वॉन्ट’ म्हणजे दरवेळी ‘पाहिजे’ नव्हे

तुमचा अनुवाद वाचला. बाकी ठीक, पण ‘आय शॅल नॉट वॉन्ट’चं ‘मला काही नको’ केलंत, तिथे घसरलात. १६११ च्या इंग्रजी बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रातलं हे वाक्य. अर्थ असा की, मला काही उणं पडणार नाही. हे क्रियापद मूळचं जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतलं, तिथे अर्थ ‘कमी असणे’. इच्छेचा अर्थ मागाहून चिकटला. उणं असतं तेच हवंसं वाटतं ना! (आपलं ‘पाहिजे’ही ‘पाहणे’वरूनच आलंय, गंमत बघा.) जुनं साहित्य वाचताना ‘वॉन्ट’पुढे ‘टू’ नसेल, तर आधी ‘उणीव’ लावून बघा. ‘फॉर वॉन्ट ऑफ’ दिसलं की बिनधास्त ‘अभावी’ लिहा.